प्रीमियम : कमी ते जास्त

आधी कबुली देतो. ज्या तऱ्हेच्या पानांवर मी इथे तोंडसुख घेणार आहे, तसलीच पानं बनवून माझं घर चालतं. साडेतीन वर्षं मी एका ट्रॅव्हल ॲपच्या टीममध्ये होतो. हॉटेलांची यादी ग्राहकाला कोणत्या क्रमाने दिसावी, काय आधी दिसावं, काय नंतर, हे ठरवणारा कोड लिहायचा, हे माझं काम. कर धरून पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दाखवली की बुकिंग घटतं, हे आम्ही मोजून बघितलं होतं. म्हणून कर पुढच्या पानावर ढकलला. ढकलणारा हात माझाच. रिव्ह्यूमध्ये कुणी हरकत घेतली नाही आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हॉटेलच्या खोलीत चारशे रुपये जास्त गेले म्हणून कुणी रस्त्यावर येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीने आमच्यातल्या बऱ्याच जणांना घरी बसवलं. सकाळी साडेअकराचं पंधरा मिनिटांचं कॅलेंडर इन्व्हाइट, कॉलवर एचआरची एक अनोळखी बाई, सगळं शांतपणे उरकलं. नंतरच्या मेलमध्ये लॅपटॉप कुठे जमा करायचा, शिल्लक रजांचे पैसे कधी मिळतील वगैरे होतं, आणि शेवटून दुसरी ओळ अशी होती की ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या कामाच्या दिवशी संपेल. ती ओळ मी दोन दिवसांनी वाचली. तोवर 'विमा आहे का रे?' या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, 'कंपनीचा आहे ना.' तुमच्यातल्या अनेकांचं आजही तेच असणार.

रूममेट म्हणाला, "अरे, स्वतःची एखादी काढून टाक. पाच-सहा हजारांत येते."

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गादीवर पडल्या पडल्या मी विम्यांची तुलना करून देणारं एक ॲप उघडलं. वय २७, शहर पुणे, सिगारेट नाही, आजार नाही. यादी आली. नोकरी गेलेला माणूस जे करेल तेच मी केलं. 'प्रीमियम : कमी ते जास्त' यावर बोट ठेवलं. अगदी पहिली नको म्हणून तिसरी घेतली. मंडईत आपण सगळ्यात स्वस्त जुडी उचलत नाही, तेवढीच अक्कल. पाच लाखांचं कव्हर, वर्षाला ६,२०० रुपये. आणखी खाली एक ८,९०० ची होती, कव्हर तेवढंच. २,७०० रुपये वाचले. बारा मिनिटांत सगळं झालं आणि आपण एकदम जबाबदार झालो असं वाटलं.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले, ॲडमिट व्हा. जनरल वॉर्ड भरलेला, दोघांची खोली भरलेली, एकट्याची होती, ८,००० रुपये रोज. ताईने डेस्कवर कार्ड दाखवलं. "कॅशलेस आहे, काही प्रॉब्लेम नाही," असं उत्तर मिळालं. आम्ही निर्धास्त. पाच दिवसांनी बिल आलं १,१८,००० रुपये. विमा कंपनीने मंजूर केले ७४,७००. उरलेले ४३,३०० ताईने तिच्या क्रेडिट कार्डवर भरले.

हा हिशेब उलगडून सांगतो. कंटाळा आला तरी वाचा.

माझ्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला कव्हरच्या एक टक्का मर्यादा होती. पाच लाखांचा एक टक्का म्हणजे ५,००० रुपये रोज. मी राहिलो ८,००० च्या खोलीत. मला वाटलं, ठीक आहे, वरचे तीन हजार रोज माझे, पाच दिवसांचे पंधरा हजार, विषय संपला. तसं नसतं. तुम्ही मर्यादेपेक्षा महागड्या खोलीत राहिलात की खोलीशी बांधलेला प्रत्येक खर्च त्याच प्रमाणात कापला जातो. माझ्या बाबतीत आठास पाच. खोलीचे ४०,००० झाले होते, त्यातले २५,००० मिळाले. डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग वगैरे मिळून ३२,००० होते, त्यातले २०,०००. औषधांचे २१,००० आणि तपासण्यांचे १७,००० तेवढे पूर्ण धरले. का, तर औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कात्री चालवायची नाही, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्ये बजावलं आहे. ग्लोव्ह्ज, मास्क, असल्या किरकोळ सामानाचे ८,००० सरळ बाद. उरले ८३,०००. त्यावर दहा टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये माझा वाटा, ८,३००.

४३,३०० भागिले २,७००. उत्तर सोळा. सोळा वर्षांची बचत पाच दिवसांत गेली.

तक्रार कुणाकडे करणार? विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात निकाल लागला नाही किंवा लागलेला पटला नाही तर तिकडे जायचं, वकील लागत नाही, फी नाही. चांगली सोय आहे. पण माझ्या बाबतीत लोकपाल काय करणार? खोटं कुणीच बोललं नव्हतं. सगळं छापलेलं होतं, पीडीएफच्या तेविसाव्या पानावर.

बरं, ही प्रमाणशीर कात्री म्हणजे निव्वळ लूट आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांत तोच डॉक्टर, तीच पाच मिनिटांची फेरी, पण जनरल वॉर्डात तिचा दर एक आणि एकट्याच्या खोलीत दुसरा. शस्त्रक्रियेचंही तसंच. खोली बदलली की बिलातल्या बाकीच्या ओळीही फुगतात. विमा कंपनी म्हणते, आम्ही पाच हजारांच्या खोलीचा हिशेब करून हप्ता घेतला होता. तिच्या जागी ती बरोबर आहे. खोलीनुसार डॉक्टरची फी का बदलावी, हा प्रश्न रुग्णालयांना विचारायला हवा आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केलं आहे. असं दरपत्रक तुम्ही शेवटचं कुठे बघितलंत, आठवून बघा.

माझं भांडण त्या यादीशी आहे. 'कमी ते जास्त' या क्रमाशी.

क्रम लावायला सगळ्या ओळी एकाच वस्तूच्या असाव्या लागतात. एक लिटर दुधाच्या पाच पिशव्या किमतीने लावा, अर्थ आहे. पण एका पिशवीत लिटरभर दूध, दुसरीत पाऊण लिटर, तिसरीतलं फक्त मंगळवारी प्यायचं, आणि तिन्हींवर ठळक अक्षरांत 'दूध' एवढंच लिहिलेलं, तर किमतीने लावलेला क्रम ही माहिती राहत नाही, दिशाभूल होते. विम्याच्या यादीत हेच होतं. 'पाच लाख' हा आकडा सगळीकडे सारखा दिसतो, म्हणून माल सारखा वाटतो. ते पाच लाख तुमच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत किती नाके आहेत, ते पडद्यावर दिसत नाही. आणि हप्ता कमी असतो तो बहुतेकदा त्या नाक्यांमुळेच.

गंमत म्हणजे किमतीने क्रम लावता येईल अशी एक पॉलिसी आपल्याकडे आहे. आरोग्य संजीवनी. १ एप्रिल २०२० पासून नियामकाने ती विकणं कंपन्यांना सक्तीचं केलं. नाव तेच, अटी त्याच, कंपनी कुठलीही असो. तिच्याही मूळ रचनेत पाच टक्के को-पे आहे आणि खोलीला कव्हरच्या दोन टक्के, फार तर ५,००० रुपये रोज, अशी मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत ती तोकडीच. पण निदान तिच्या यादीत खुशाल किमतीने क्रम लावा, तिथे पिशव्या सारख्या आहेत.

मग ॲपवर खोलीच्या मर्यादेचा, को-पेचा क्रम का नसतो? कुठेतरी असतो, तीन टॅप आत, 'आणखी फिल्टर' मध्ये. तसल्या बैठकांत मी बसलो आहे. ज्या गोष्टीने ग्राहक थबकतो, ती गोष्ट आत सरकवली जाते. त्यामागे कुणी खलनायक नसतो, एक आलेख असतो आणि तो वर जायला हवा असतो. ग्राहक थबकणं हे आमच्या धंद्यात अपयश मानलं जातं. विमा घेताना मात्र माणसाने थबकायलाच हवं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ज्या पॉलिसीचे करासह ११,८०० भरत होतो, ती कागदावर १०,००० वर आली. निर्णय चांगलाच आहे, आजारपणाच्या भीतीवर कर लावायचाच कशाला? पण त्या आठवड्यात फोनवर जे मेसेज आदळले, ते सगळे एकाच सुरात होते, 'विमा आता आणखी स्वस्त!' माझ्या जुन्या पॉलिसीवर हे लागू केलं असतं तर हजारभर रुपये वाचले असते आणि डेंग्यूचे ४३,३०० तसेच गेले असते. स्वस्त म्हणजे हप्ता, हे समीकरण सरकार, कंपन्या, ॲप आणि आपण, सगळ्यांनी मिळून पक्कं केलं आहे.

दुसरी एक स्वस्ताई तोंडी मिळते. ती जास्त वाईट.

माझा एक मित्र आहे, मूळचा सोलापूरचा, वय २९, रोज सकाळी बीपीची गोळी घेतो. आमच्या पिढीत हे आता नवल राहिलेलं नाही. घरच्या ओळखीतले एजंट काका त्याला म्हणाले, "ते बीपीचं लिहू नको बाळा. उगाच प्रीमियम वाढवतात, तपासण्या लावतात. पाच वर्षं गेली की कुणी विचारत नाही."

काकांचं बोलणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. पॉलिसी सलग साठ महिने चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, असा नियम खरंच आहे. २०२४ आधी ही मुदत आठ वर्षं होती. पण त्याच नियमात सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद आहे, तो काका सांगत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. बीपी आहे असं खरं लिहिलं तर त्याच्याशी संबंधित आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. हीही मर्यादा २०२४ मध्ये चारवरून तीनवर आली. बाकी आजारांना ती तीन वर्षं लागू नाहीत. पहिले तीस दिवस गेले की डेंग्यू, न्यूमोनिया सगळं चालू. अपघात तर पहिल्या दिवसापासून. हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं.

म्हणजे खरं सांगितलं तर तीन वर्षं थांबायचं. लपवलं तर पाच वर्षं देव पाण्यात ठेवून बसायचं, आणि मध्येच काही झालं तर केस पेपरवर डॉक्टरने लिहिलेली 'बीपी, चार वर्षांपासून' ही एक ओळ पुरे. हप्त्यात दीड-दोन हजार वाचवायला हा जुगार खेळायचा? मित्राने खरं लिहिलं. हप्ता वाढला. काका अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत.

तरुणपणीच विमा घ्या, असं सगळे सांगतात आणि कारण देतात की हप्ता कमी पडतो. ते दुय्यम कारण आहे, वयाबरोबर हप्ता वाढतोच. खरं कारण हे थांबण्याचे महिने. ते तब्येत ठणठणीत असताना संपवायचे असतात. कंपनीच्या ग्रुप विम्यात सहसा थांबायलाच लागत नाही, म्हणून आपल्याला या गोष्टीची जाणीवच होत नाही, आणि एक दिवस साडेअकराचं इन्व्हाइट येतं. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करता येतो आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होऊ शकतात. कंपनी तब्येत बघून ठरवते, पण दार आहे. एचआरच्या मेलमध्ये त्याबद्दल अक्षर नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. 'एक कोटीचं कव्हर घे रे, हप्ता थोडाच वाढतो.' थोडाच वाढतो, कारण तिथपर्यंत फार थोडे क्लेम पोहोचतात, आणि हे कंपनीला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एक कोटी आणि वर खोलीला मर्यादा, को-पे, आजारागणिक कमाल रक्कम, असं असेल तर त्या कोटीची आरती करा. पाच किंवा दहा लाखांची, पण अटी नसलेली पॉलिसी घ्यावी आणि वर सुपर टॉप-अप जोडावा. वर्षभराचा एकूण खर्च ठरलेल्या रकमेच्या पलीकडे गेला की सुपर टॉप-अप सुरू होतो, म्हणून तो स्वस्त पडतो. साधा टॉप-अप वेगळा, तो प्रत्येक ॲडमिशनचं बिल सुटं मोजतो. तीन-तीन लाखांची दोन बिलं झाली आणि मर्यादा पाच लाखांची असेल, तर साधा टॉप-अप एक पैसा देणार नाही, सुपर वरचे एक लाख देईल. नावात एका शब्दाचा फरक. ॲपवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, अर्थातच हप्त्याच्या क्रमाने.

'विमा म्हणजे वाया, त्यापेक्षा एसआयपी कर' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. महिना साडेसातशेची एसआयपी तीन वर्षांत २७,००० रुपये जमवते, वर जो काही परतावा मिळेल तो. माझा डेंग्यू १,१८,००० चा होता. आणि डेंग्यूच होता.

फुकटातली एक गोष्टही सांगून ठेवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली करून रक्कम पाच लाखांवर न्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. ठरावीक रुग्णालयं, ठरावीक उपचार, त्यामुळे ती विम्याची जागा घेत नाही. तरी गावाकडच्या रेशनकार्डावर आपलं नाव अजून आहे का, ते आईला विचारून घ्या. तिथे हप्ताच नाही.

पुढच्या वर्षी मी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करावा लागतो. मी कॅलेंडरमध्ये साठ दिवस आधीचा रिमाइंडर लावला होता. या खेपेला ॲप बाजूला ठेवलं आणि प्रत्येक पॉलिसीचं सीआयएस मागवलं. म्हणजे ग्राहकासाठीचं माहितीपत्रक. खोलीची मर्यादा, को-पे, वेटिंग पिरियड, काय मिळणार नाही, हे सगळं सोप्या शब्दांत एका जागी द्यायचं, असा नियामकाचा दंडक १ जानेवारी २०२४ पासून आहे. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं, असंही त्यात आहे. मी मराठीत मागितलं. पलीकडच्या मुलीने दोनदा विचारलं, "सर, मराठी में चाहिए?" मग होल्डवर ठेवलं, मग सुपरवायझर, मग 'मेल करते हैं'. नऊ दिवसांनी आलं. ताईला पाठवलं. तिने एका बैठकीत वाचून विचारलं, "हे आधीच का नाही मागितलंस?"

नवी पॉलिसी १०,३०० ची आहे. दहा लाखांचं कव्हर, खोलीला मर्यादा नाही, को-पे नाही, ग्लोव्ह्ज-मास्कचा खर्चही धरलेला. आधीपेक्षा ४,१०० रुपये जास्त. मी तिला स्वस्त म्हणतो.

माझी मागणी साधी आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, हे काम मी स्वतः करतो म्हणून सांगतो. ज्या पडद्यावर हप्त्याचा आकडा आहे, त्याच पडद्यावर, त्याच मापाच्या अक्षरांत खोलीची मर्यादा, को-पे आणि वेटिंग पिरियड हे तीन आकडे असावेत. आणि अटी वेगवेगळ्या असलेल्या पॉलिसींना हप्त्याच्या क्रमाने लावायचं बटण ठेवूच नये. खाण्याच्या पाकिटावर साखर किती ते छापायला लावता येतं, तर हेही लावता येईल. नियामकाने एक परिपत्रक काढायचं, आणि माझ्यासारख्या कुणीतरी दोन आठवड्यांत ते बांधून टाकायचं. बुकिंग घटेल. घटू दे.

परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने मेसेज केला, "दादा, तू विम्याचं सगळं शोधलंयस ना? सगळ्यात स्वस्त कुठली? लिंक पाठव ना." मी लिंक पाठवली नाही, माझं मराठी सीआयएस पाठवलं आणि खाली लिहिलं, 'आधी खोलीची ओळ वाच.' निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. शेवटी आलं, "हो, पण हप्ता किती?"